वीस किलोचं वजन

वीस किलोचं लोखंडी वजन काटेसाहेब दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. ओतीव लोखंडाचा काळा ठोकळा, धरायला वर आडवी दांडी आणि दांडीखाली शिसं ओतून बुजवलेलं एक भोक. त्या शिशावर सरकारी शिक्का. हद्दीतल्या प्रत्येक दुकानातला, गोदामातला, कारखान्यातला तराजू कधी ना कधी या ठोकळ्यापुढे उभा राहायचा आणि तो खरा की खोटा ते तिथल्या तिथे ठरायचं.

ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी ठेवलं, कारण तराजूचा काटा थांबेपर्यंत हा माणूस पापणी हलवत नसे. कुणी पाणी पुढे केलं तर म्हणत, "काटा थांबू द्या आधी." काटा थांबल्यावरही पाणी घेत नसत. छोटी पितळी वजनं मखमलीच्या खाचांतून चिमट्याने उचलत. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं, असं ते म्हणत. एकोणतीस वर्षांत त्यांच्या बोटाचा ठसा एकाही पितळेवर उमटला नव्हता.

ऑफिसची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणायचे. मामा रोज एकदा तरी हात पुढे करायचे.

"द्या हो साहेब इकडे. माझी कंबर अजून शाबूत आहे."

"आपटाल तुम्ही."

"तीस वर्षं गाडी आपटली नाही. ठोकळा आपटीन होय?"

"ठोकळ्याचा टवका उडाला तर वर्षभराचे सगळे शिक्के खोटे ठरतील, मामा."

मामा मग हात मागे घ्यायचे. ते दार उघडून धरायचे आणि काटेसाहेब एका बाजूला किंचित कलून, ठोकळा मांडीजवळ धरून, पायऱ्या चढायचे.

काटेसाहेबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन आणि मशीनसमोर लाकडी हातांची एक जुनी खुर्ची. बायकोला आजूबाजूचे सगळे ताई म्हणत. शर्ट उसवणं, पँट आत घेणं, कोटाचं अस्तर बदलणं ही त्यांची कामं. गळ्यात मापाची फीत कायम लोंबत असायची.

खुर्ची काटेसाहेबांच्या वडिलांची. वडील सत्तावन्नाव्या वर्षी या खुर्चीत गेले. दुपारचं जेवण झालं होतं. बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला, तेव्हा आईने विचारलं, "काय होतंय?" ते म्हणाले, "काही नाही." आई टॉवेल आणायला आत गेली आणि परत आली तेव्हा मान कलली होती. घरात ही गोष्ट समाधानाने सांगितली जायची. काही त्रास झाला नाही, कुणाकडून काही करून घेतलं नाही, बसल्या जागी सुटले. काटेसाहेब मात्र ती सुरू झाली की उठून आत जायचे. त्यांना छप्पन्नावं वर्ष चालू होतं. वडिलांसारखं जायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं आणि हे त्यांनी ताईंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून ऑफिसच्या तपासणीत रक्तात साखर निघाली तेव्हा ते त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, त्यांना काका म्हणायच्या, आणि घाईत नव्हत्या. त्यांनी नीट समजावलं. अर्धं ताट भाजी. डाळ, कडधान्यं, अंडं, मासा यांतलं काहीतरी रोज. भात मुठीएवढा, पांढरा पाव शक्यतो नाही. साखर घातलेलं पिणं बंद. तळलेलं आणि खारट बंद, कारण साखर आणि हृदय यांचं जवळचं नातं आहे. रोज चालायचं, गोळी घ्यायची, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. शेवटी म्हणाल्या, "आणि काका, सात-आठ किलो वजन उतरलं तर फारच छान."

एवढ्या सगळ्यात काट्यावर ठेवता येण्यासारखी गोष्ट एकच होती. काटेसाहेबांनी ती उचलली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तराजू आला. इलेक्ट्रॉनिक, एक ग्रॅमपर्यंत अचूक, त्यांनी स्वतः तपासलेला. शेजारी वही. एका जेवणाला अडीचशे ग्रॅम, त्यावर एक कणही नाही.

पहिल्याच आठवड्यात भाजीची अडचण झाली. भाजीची वाटी एकशे ऐंशी ग्रॅम भरली. डाळीची दोनशे. एक सफरचंद दीडशेच्या पुढे गेलं. उलट मक्याच्या कुरकुरीत चकत्यांचा काठोकाठ वाडगा तीस ग्रॅम. टोस्ट बारा ग्रॅम. फुगवलेल्या तांदळाचं पाकीट, मीठमसाल्यासकट, चाळीस. काटेसाहेबांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा पाहिले. मग त्यांनी भाजीची वाटी बाजूला सरकवली, जशी ते खोटं वजन सरकवत.

"अहो, भाजीत निम्म्याहून जास्त पाणी असतं," ताई म्हणाल्या. "त्याचं कसलं वजन?"

"पाणी असो नाहीतर सोनं असो. काटा हलतो ना?"

"डॉक्टरांनी कागद दिलाय. त्यात भाजी लिहिलीय."

"कागदात वजन उतरवायचंही लिहिलंय. काट्याला कागद वाचता येत नाही."

"तुमच्या काट्याला भूकही लागत नाही."

"म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा."

ताईंनी वाटी स्वतःकडे ओढली. त्यांनी कागद फ्रिजच्या दारावर लावला. तिथे तो राहिला.

आणखी एक गोष्ट होती. ऑफिसात किलो आणि लिटर कधी एका पानावर येत नसत. घन वस्तूंची नोंदवही वेगळी, पातळ वस्तूंची वेगळी, दोन्हींची कपाटंसुद्धा वेगळी. त्यामुळे वजनाच्या वहीत पातळ काही लिहायचं, हे काटेसाहेबांच्या डोक्यातही आलं नाही. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखरेचे, वहीत नव्हते. दुपारी गाडीत उघडायची संत्र्याच्या रसाची बाटली वहीत नव्हती. हल्ली एक बाटली पुरत नसे. घशाला सारखी कोरड पडायची.

काटा मात्र खाली येत होता. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. बायका मशीनवर कपडे द्यायला आल्या की खुर्चीतल्या काटेसाहेबांकडे बघून म्हणायच्या, "काका अगदी तरुण दिसायला लागले." ऑफिसात लोक त्यांची वही बघायला मागायचे. तीन महिने झाले तेव्हा रक्त तपासायची आठवण ताईंनी केली.

"वजन खाली येतंय," ते म्हणाले. "मग सुई कशाला टोचून घ्यायची?"

त्या आठवड्यात बाथरूमच्या कोपऱ्यात मुंग्या निघाल्या. बारीक, काळ्या. स्वयंपाकघरात साखरेचा डबा होता, तिकडे एकही नव्हती. त्यांची रांग भिंतीच्या कडेने थेट संडासाच्या भांड्यापाशी जायची. ताईंनी पावडर टाकली. दोन दिवसांनी पावडरीला वळसा घालून नवी रांग. घरातल्या कुठल्या माणसाच्या मागावर ही रांग येते, हे ताईंना कळायला वेळ लागला नाही. त्या उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून मशीनवर बसल्या आणि हातातली टीप चुकली.

चौथ्या महिन्यात काटेसाहेबांची पँट तिसऱ्यांदा आत घ्यायची वेळ आली. ताईंनी त्यांना आरशासमोर उभं केलं आणि फीत लावली. कमरेचं माप घेतलं, मग नेहमी घेत नसत ते मांडीचं घेतलं, पोटरीचं घेतलं, पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत फीत धरली. जुनी मापं खडूने एका पुठ्ठ्यावर लिहिलेली होती.

"हात वर करा."

"पँटला हात कशाला?"

"करा म्हणते ना." दंड मोजून त्यांनी पुठ्ठ्यावरचा जुना आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "माणूस बारीक होतो तेव्हा आधी पोट जातं. मी तीस वर्षं बघतेय. तुमचं पोट तिथेच आहे. तुमचे दंड गेलेत, मांड्या गेल्यात. हे बारीक होणं नाही. हे उसवणं आहे."

"वजन बारा किलो उतरलंय. वही बघ."

"वहीत बारा किलो गेले एवढंच आहे. कुठून गेले ते आहे का?"

काटेसाहेबांनी पँट घेतली आणि खुर्चीत बसले. वही उघडून त्यांनी शेवटचा आकडा पाहिला. थोड्या वेळाने म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही." पण ते ताईंकडे बघून म्हणाले नाहीत.

गोदामाचा दिवस त्यानंतरचा. धान्याचं मोठं गोदाम, वरच्या मजल्यावर पोती मोजायचा काटा. लोखंडी जिना, सव्वीस पायऱ्या. काटेसाहेब दरवर्षी त्या मोजत. सकाळची वेळ होती, हवा थंड होती. वीस किलोचा ठोकळा त्यांनी मांडीजवळ धरला आणि चढायला लागले.

अकराव्या पायरीवर ठोकळा जड झाला.

हात दुखला असता तर त्यांना समजलं असतं. हात दुखत नव्हता. ठोकळाच वाढला होता, जणू दांडीखालच्या शिशात कुणी आणखी शिसं ओतत होतं. पंधराव्या पायरीला दम सुटला. विसाव्याला कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून घाम निघाला, गार, एकदम, नळ सोडल्यासारखा. जबडा आवळल्यासारखा वाटला आणि मळमळलं. छातीत काहीही नव्हतं. ते उरलेल्या सहा पायऱ्या चढले, ठोकळा काट्यावर न ठेवता जमिनीवर ठेवला आणि पोत्यावर बसले.

गोदामवाला धावत पाणी घेऊन आला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा काटेसाहेबांनी तपासणीच्या जागी पाणी घेतलं. मामा मागून चढून आले होते.

"साहेब, चेहरा बघा तुमचा. पांढरा पडलाय. दवाखान्यात चला."

"मला काही होत नाहीय. वजनात गडबड आहे."

"कशात?"

"ठोकळ्यात. वाढलाय तो."

मामांनी खाली बघितलं. "साहेब, लोखंड काय जेवतं का वाढायला?"

"गंज चढतो. रंगाचा थर बसतो. तळाला काही चिकटलं असेल." ते उठले आणि पुन्हा बसले. "आजचा शिक्का मारता येणार नाही. हे वजन खोटं असेल तर या हंगामात मारलेला एकही शिक्का खरा नाही."

गोदामवाल्याने मामांकडे बघितलं, मामांनी गोदामवाल्याकडे. उतरताना मामांनी ठोकळा उचलला. काटेसाहेबांनी जिन्याचा कठडा धरला. मामा तो एका हाताने घेऊन खाली गेले.

त्यांनी रीतसर पत्र लिहिलं आणि पुढच्या सोमवारी ठोकळा घेऊन खात्याच्या वरच्या प्रयोगशाळेत गेले. मधल्या चार दिवसांत ते जिना चढताना दोनदा थांबत होते आणि उशी उंच करून झोपत होते. ताईंनी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "सोमवारी निकाल लागू दे."

प्रयोगशाळेची खोली बंद, थंड, कायम एकाच तापमानाची. तिथल्या प्रमुखबाई त्यांना पंचवीस वर्षांपासून ओळखत होत्या. हातमोजे घालून, दाराला कडी लावून, त्यांनी ठोकळा मोठ्या तराजूवर चढवला. अर्ध्या तासाने तो स्थिरावला. तीनदा मोजलं. काटेसाहेब मागे उभे होते.

"वाढलेला नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "उलट अर्धा ग्रॅम कमी भरतोय. इतकी वर्षं घासला गेलाय, तेवढी झीज चालते. मर्यादेत आहे."

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलंय."

"मी रोज उचलतो तो. मला कळतं."

प्रमुखबाई वळल्या. त्यांनी स्वेटर घातला होता, त्यांच्या मदतनिसानेही. काटेसाहेब साध्या शर्टात होते आणि शर्ट छातीला चिकटला होता. हनुवटीवरून एक थेंब टेबलाच्या काठावर पडला.

"तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "घाम पडतोय तुमचा. इथे ओलावा चालत नाही." मग दार उघडून मामांना हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वजन इथे राहू दे. यांना घेऊन जा."

काटेसाहेब बाहेर आले. ज्याच्यावर सगळे तराजू तोलायचे तो ठोकळा खरा होता. म्हणजे चूक दुसरीकडे होती आणि जिन्यावर त्या दिवशी ठोकळा आणि ते स्वतः, दोघंच होते.

मामांनी वाटेत ताईंना घेतलं आणि गाडी डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी काटेसाहेबांच्या छातीवर तारांच्या चकत्या लावून हृदयाचा आलेख काढला. तो त्यांनी दोनदा पाहिला. ताई दाराशी उभ्या होत्या, गळ्यात फीत तशीच.

"काका, हे कधी झालं?"

"काय?"

"हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. काही दिवस झाले असावेत."

"छातीत दुखलं नाही कधी."

"साखर खूप वाढलेली राहिली की नसा बोथट होतात. मग दुखायचं ते दुखत नाही. दम लागतो, घाम येतो, जबडा आवळतो, मळमळतं, आणि माणसाला वाटतं दुसरंच काहीतरी झालंय." त्यांनी तिथेच लगेच तपासलेल्या रक्ताचा कागद पुढे केला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी आठवरून साडेअकरावर गेली होती. "वजन कसं उतरलं तुमचं? खाता काय?"

काटेसाहेबांनी वही दिली. ते ती बरोबर घेऊन आले होते, अहवाल आणावा तशी. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. टोस्ट, चकत्या, पाकीट, टोस्ट. अक्षर सुंदर होतं.

"हे सगळं तोंडात विरघळतं आणि थोड्याच वेळात रक्तात साखर होऊन येतं. वरून मीठ आणि तेल, ते हृदयाला. भाजी आणि डाळ साखरेला धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. जे धरून ठेवणारं होतं ते तुम्ही काढून टाकलंत." त्या थांबल्या. "आणि पिता काय?"

"ते पातळ आहे. वहीत नाही."

ताईंनी सांगितलं. चार चहा, दोन बाटल्या, कधी तीन. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून उघडले.

"वजन उतरलं कारण खाल्लेलं शरीराला वापरताच येत नव्हतं. साखर लघवीवाटे जात होती आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळत होतं."

ताईंना मुंग्या आठवल्या. 

मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला साखर होती? वडिलांना?"

"कधी तपासली नाही. ते अचानक गेले. काही त्रास न होता."

"पाणी खूप प्यायचे?"

काटेसाहेबांना वडिलांचा तांब्या आठवला. खुर्चीच्या पायाशी ठेवलेला, आई दिवसातून सहा-सात वेळा भरायची तो. त्यांनी मान हलवली. डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत राहिल्या. ज्या गोष्टीचं घराने तीस वर्षं समाधान मानलं, ती त्या छोट्या खोलीत उलटली. वडिलांना त्रास झाला नव्हता असं नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस गेले. एक नळी मोकळी केली. हृदयाचा खालचा एक तुकडा हलत नाही, तो हलणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाकीचं सांभाळता येईल, जेवण, गोळ्या आणि चालणं नीट राहिलं तर. पाच किलोवर काही उचलायचं नाही.

घरी आल्यावर टेबलावर तराजू नव्हता. कुठे ठेवला ते त्यांनी विचारलं नाही. ताईंनी ताटाच्या मधोमध बोटाने रेघ ओढून दाखवली, कापडावर ओढतात तशी. इकडची अर्धी बाजू भाजीची. उरलेल्यातली अर्धी डाळीची किंवा माशाची. राहिला तो कोपरा भाताचा. चहा बिनसाखरेचा. बाटल्या नाहीत. काही आठवड्यांनी साखर खाली आली, घसा कोरडा पडायचा थांबला. बाथरूमच्या कोपऱ्यात आता मुंग्या नव्हत्या, तरी ताई रोज सकाळी आधी तिथे बघायच्या.

ठोकळा आता मामा उचलतात. काटेसाहेब मागून रिकाम्या हाताने जातात.

"साहेब, टवका नाही उडाला अजून," मामा वर पोचून म्हणतात.

"बघतोय मी."

"बघा, पण बसून बघा."

सत्तावन्नावं वर्ष लागलं त्या दुपारी काटेसाहेब सुट्टीवर होते. ताट घेऊन खुर्चीत बसले होते, कारण टेबलावर कुणाचा तरी कोट पसरलेला होता. भाजी चावायला वेळ लागतो, आता जेवण अर्धा तास चालतं. ताई पाठमोऱ्या मशीनवर होत्या. मशीनच्या आवाजातूनही त्यांना चमच्याचा आवाज ऐकू येतो. तेवढंच त्या हल्ली ऐकतात.

काटेसाहेबांनी मधेच चमचा थांबवला आणि डावा हात छातीवर ठेवला. ही त्यांची नवी सवय. काही दुखतंय का ते बघायचं. दुखत नव्हतं. पूर्वी एवढ्यावर ते निश्चिंत झाले असते. आता दुखत नाही यावरून काहीच समजत नाही, हे त्यांना माहीत होतं. आतल्या काट्यावरचा शिक्का पुसला गेला होता आणि तो पुन्हा मारून देणारी प्रयोगशाळा कुठे नव्हती.

मशीन थांबलं.

"काय होतंय?" ताईंनी मान न वळवता विचारलं.

त्यांच्या ओठांवर दोन शब्द आले होते, वडिलांचे. ते त्यांनी गिळले.

"इकडे ये," ते म्हणाले. "घाम आलाय का बघ."

ताई उठल्या. त्यांनी त्यांच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली, मग मानेला, मग शर्टाच्या आत पाठीला. कोरडी होती.

"नाही."

"पुन्हा बघ," काटेसाहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा बघितलं.